आणखी एक चाचणी

२४ मार्च १९६१ रोजी फ्लोरिडातल्या केप कॅनाव्हरलवरून एक रेडस्टोन अग्निबाण उडाला. त्याच्या टोकावर माणसाला बसायची कुपी होती, पण ती नुसता सांगाडा होती; आत कोणीच नव्हते. उड्डाण काही मिनिटांचे होते आणि त्यात काहीही बिघडले नाही. त्यानंतर १९ दिवसांनी, १२ एप्रिलला, सोव्हिएत संघाचा युरी गागारिन पृथ्वीला प्रदक्षिणा घालून परतला. अमेरिकेचा पहिला अंतराळवीर ॲलन शेपर्ड उडाला तो ५ मे रोजी. मार्चमधल्या त्या रिकाम्या कुपीत शेपर्ड बसला असता, तर अंतराळात गेलेला पहिला माणूस अमेरिकन ठरला असता. ही गोष्ट शेपर्डला पुढे कित्येक वर्षे खुपत राहिली. त्या जादा चाचणीचा आग्रह धरणारा माणूस होता अलाबामा राज्यातल्या हंट्सव्हिलच्या मार्शल अंतराळ केंद्राचा संचालक, वर्नर फॉन ब्राउन.

आग्रहाला कारण होते. चार महिन्यांपूर्वी, २१ नोव्हेंबर १९६० रोजी, याच जातीचा अग्निबाण इंजिन पेटल्यावर जेमतेम १० सेंटिमीटर उचलला गेला आणि परत चौथऱ्यावर बसला. इंजिन बंद पडले. आणीबाणीत कुपीला ओढून नेणारा छोटा अग्निबाण मात्र कुपीला तिथेच सोडून एकटाच आकाशात गेला. मग कुपीतली पॅराशूट बाहेर पडली आणि इंधनाने काठोकाठ भरलेल्या अग्निबाणाच्या अंगावर वाऱ्याने फडफडू लागली. पॅराशूटमध्ये वारा भरला असता तर अग्निबाण आडवा झाला असता. जवळ जायची सोय नव्हती. बॅटऱ्या आपोआप उतरेपर्यंत थांबण्याखेरीज काही करता येईना. कारण सापडले ते असे: अग्निबाण चौथरा सोडताना दोन विजेच्या जोडण्या ठरलेल्या क्रमाने सुटायला हव्या होत्या. त्या उलट क्रमाने सुटल्या. फरक होता सेकंदाच्या हजारांश भागांत मोजला तर २९.

पुढे ३१ जानेवारी १९६१ रोजी हॅम नावाच्या चिंपँझीला घेऊन दुसरा अग्निबाण गेला. या खेपेस इंजिनाने गरजेपेक्षा जास्त जोर लावला, ऑक्सिजन ठरल्या वेळेआधी संपला आणि कुपी नियोजित जागेपेक्षा सुमारे २०० किलोमीटर पुढे समुद्रात पडली. हॅमच्या अंगावर त्याच्या वजनाच्या चौदापट भार आला. तो वाचला. माणूसही वाचला असता, असे म्हणणारे बरेच होते. फॉन ब्राउन यांचे म्हणणे वेगळे होते. दोष कळला आहे, दुरुस्ती केली आहे, पण ती दुरुस्ती उडवून पाहिलेली नाही. ती पाहिल्याशिवाय वर माणूस बसवणार नाही.

वर्नर फॉन ब्राउन यांचा जन्म २३ मार्च १९१२ चा, तेव्हाच्या जर्मनीतल्या आणि आजच्या पोलंडमधल्या विर्झित्स गावचा. घराणे सरदारी, वडील पुढे कृषिमंत्री झाले. आईने दिलेल्या दुर्बिणीतून मुलाला ग्रहताऱ्यांचे वेड लागले आणि हेर्मान ओबर्थ यांचे अग्निबाणांवरचे पुस्तक समजावे म्हणून गणितात कच्चा असलेला हा मुलगा गणित घोटू लागला. बर्लिनमध्ये शिकत असताना तो हौशी अग्निबाणवाल्यांच्या मंडळात सामील झाला. त्यांच्याकडे पैसे नव्हते. पैसे लष्कराकडे होते. १९३२ मध्ये वयाच्या विसाव्या वर्षी फॉन ब्राउन कॅप्टन वॉल्टर डोर्नबर्गर यांच्या हाताखाली कुमर्सडॉर्फच्या लष्करी तळावर रुजू झाले.

तिथली पहिलीच मोठी चाचणी स्फोटाने संपली. डिसेंबरच्या थंडीत लांब काठीच्या टोकाला पेटत्या पेट्रोलचा डबा बांधून इंजिन पेटवायचे होते. इंधन आणि ऑक्सिजन आत साठून राहिले, ज्योत उशिरा लागली आणि चाचणीची जागा उद्ध्वस्त झाली. कोणाला इजा झाली नाही हे नशीब. १९३४ मध्ये त्याच तळावर दुसऱ्या एका प्रयोगात तिघे ठार झाले. अग्निबाणाची चूक कागदावर दिसत नाही आणि दिसते तेव्हा आवाज करून दिसते, हा धडा त्या पिढीने असा गिरवला.

१९३७ मध्ये सगळे बिऱ्हाड बाल्टिक किनाऱ्यावरच्या पेनेमुंडेला हलले. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये ए-३ नावाचे चार अग्निबाण एकापाठोपाठ एक उडवले गेले आणि चारही फसले. इंजिन उत्तम चालले होते. फसली ती दिशा राखणारी यंत्रणा. ती बाहेरच्या कंपनीकडून करून घेतली होती आणि समुद्रावरच्या वाऱ्यापुढे तिचा टिकाव लागला नाही. खरे तर तेव्हा ए-४ या मोठ्या अग्निबाणाचे आराखडे तयार होत होते. लष्कराला तोच हवा होता. तरीही मंडळी मागे आली. केवळ शिकण्यासाठी ए-५ नावाचा छोटा अग्निबाण काढला, तो वारंवार उडवला, यंत्रणा बदलली आणि मगच पुढे गेली. ए-४ चेही पहिले प्रयत्न फसले. ३ ऑक्टोबर १९४२ रोजी तो १९० किलोमीटर गेला.

हाच ए-४ पुढे व्ही-२ या नावाने लंडन आणि अँटवर्पवर कोसळला. त्याची कथा अभियंत्यांच्या चिकाटीची म्हणून सांगायची रीत आहे आणि तिच्यात तथ्यही आहे. पोलंडमध्ये चाचण्या चालू असताना अग्निबाण खाली येताना हवेतच फुटू लागले, तेव्हा कारण डोळ्यांनी दिसावे म्हणून फॉन ब्राउन स्वतः निशाण्याच्या जागी जाऊन उभे राहिले होते. उत्पादनाच्या घाईत रेखाचित्रांत हजारो बदल होत होते. पण अग्निबाण कुठे आणि कोण बनवत होते, हे सांगितल्याशिवाय ती कथा पुरी होत नाही.

ऑगस्ट १९४३ मध्ये ब्रिटिश विमानांनी पेनेमुंडेवर बॉम्ब टाकल्यावर कारखाना नोर्डहाउझेनजवळच्या डोंगरातल्या बोगद्यांत हलवला गेला. तिथे काम करणारे होते डोरा छळछावणीतले कैदी. त्या छावणीत आणि तिच्या शाखांत सुमारे ६० हजार माणसे आणली गेली आणि त्यांतली सुमारे २० हजार मेली. उपासमारीने, आजाराने, मारहाणीने, फासावर. व्ही-२ पडून जितके लोक मेले, त्याहून कितीतरी जास्त तो घडवताना मेले. फॉन ब्राउन नाझी पक्षाचे सदस्य होते, एसएसमध्ये अधिकारी होते, त्या बोगद्यांत अनेकदा गेले होते. बुखेनवाल्ड छावणीत जाऊन कुशल कैदी निवडल्याचा उल्लेख त्यांच्याच ऑगस्ट १९४४ च्या एका पत्रात आहे. त्याच वर्षी मार्चमध्ये गेस्टापोने त्यांना दोन आठवडे कोठडीत ठेवले होते, हेही खरे. पण त्या कोठडीचा आणि बोगद्यातल्या माणसांचा काही संबंध नव्हता. कैद्यांपैकी काहींनी जाणूनबुजून सांधे कच्चे ठेवले. तसा संशय आला की त्या माणसाला इतरांच्या देखत फासावर चढवत. अशा कारखान्यात मालाची गुणवत्ता तपासणारा आणि फाशी देणारा यांच्यात अंतर उरत नाही. चूक झाली हे कोणी कबूल करणे तर शक्यच नव्हते.

मे १९४५ मध्ये फॉन ब्राउन आणि त्यांचे सहकारी अमेरिकनांच्या स्वाधीन झाले. अमेरिकेला त्यांची विद्या हवी होती, त्यामुळे बोगद्यांबद्दल फार खोदून विचारले गेले नाही. काही वर्षे टेक्सासमधल्या फोर्ट ब्लिसला काढून १९५० मध्ये ही मंडळी कापूस पिकवणाऱ्या हंट्सव्हिल गावात आली आणि लष्करासाठी रेडस्टोन बनवू लागली. १९५३ मध्ये त्यांनी तिथे एक चाचणीचा मनोरा उभारला. मोठ्या खर्चाला वरून मंजुरी लागायची आणि मंजुरीला वेळ लागायचा, म्हणून जुने सामान गोळा करून २५ हजार डॉलरांत काम भागवले. रेडस्टोन याच मनोऱ्याला बांधून पेटवून पाहिले जात.

याच काळातली एक हकीकत फॉन ब्राउन पुढे स्वतः सांगत. एक रेडस्टोन उडताना मध्येच बेभान झाला. नोंदी चाळूनही कारण हाती लागेना. तेव्हा एक अभियंता आपणहून आला. उड्डाणाआधी एक जोडणी घट्ट करताना आपल्या हातून ठिणगी उडाली होती, आणि तपासून पाहिले तेव्हा सारे ठीक वाटले म्हणून आपण गप्प राहिलो, असे त्याने सांगितले. दोष तोच निघाला. फॉन ब्राउन यांनी त्याला शॅम्पेनची बाटली पाठवली. व्यवस्थापनाच्या वर्गात ही गोष्ट आवडीने सांगितली जाते. नऊ-दहा वर्षांपूर्वीचा तो बोगदा आठवला, म्हणजे ती वेगळीच वाटते.

मार्शल केंद्र १ जुलै १९६० पासून नासाच्या छत्राखाली आले आणि फॉन ब्राउन त्याचे पहिले संचालक झाले. त्यांची काम करण्याची रीत लष्करी शस्त्रागाराची होती: पहिले काही नग स्वतःच्या कारखान्यात, स्वतःच्या हातांनी बनवायचे, तोडायचे, दुरुस्त करायचे आणि मगच कंपनीला कंत्राट द्यायचे. त्यामुळे कंत्राटदार काय सांगतो ते समजते, आणि काय सांगत नाही तेही. हवाई दलाची रीत याच्या उलट होती. तिथे गरज लिहून द्यायची, काम कंपनीने करायचे आणि लक्ष ठेवायला आणखी एक कंपनी नेमायची. फॉन ब्राउन यांना हे पटत नसे. ज्याने स्वतः कधी वेल्डिंग केलेले नाही, त्याने दुसऱ्याच्या वेल्डिंगवर सही कशी करायची, असा त्यांचा रोख असे. मार्शलची माणसे कंत्राटदारांच्या कारखान्यांत ठाण मांडून बसत. कंपन्यांच्या लोकांना हा जाच वाटे आणि तो होताही.

केंद्रातल्या केंद्रात काय चालले आहे हे कळावे म्हणून त्यांनी एक साधी युक्ती केली. दर सोमवारी दोनेक डझन विभागप्रमुखांनी आठवड्याचा वृत्तान्त एका पानात लिहून पाठवायचा. त्यात अडचणी लिहायच्या. फॉन ब्राउन समासात शेरे मारत, प्रश्न विचारत, शाबासकी देत, आणि ती सगळी पाने शेऱ्यांसकट सगळ्यांना परत जात. आपल्या शेजाऱ्याची काय पंचाईत झाली आहे आणि साहेबांनी त्यावर काय लिहिले आहे, हे वाचण्याची ओढ कोणाला नसते! ही पाने खाली-वर भराभर वाचली जात आणि अडचण दडवणे अवघड होई.

उड्डाणांच्या चाचण्यांतही त्यांचा शिरस्ता पायरीपायरीने जायचा होता. सॅटर्न-१ हा मोठा अग्निबाण ऑक्टोबर १९६१ मध्ये पहिल्यांदा उडाला, तेव्हा त्याचा फक्त खालचा टप्पा खरा होता. वरचे टप्पे म्हणजे पाणी भरलेल्या टाक्या. अशी चार उड्डाणे झाल्यावर पाचव्यात दुसरा टप्पा जिवंत केला. दहाच्या दहा उड्डाणे यशस्वी झाली. ताकही फुंकून पिणाऱ्यांची ही पद्धत होती आणि तिचे फळ डोळ्यांपुढे होते.

म्हणूनच नोव्हेंबर १९६३ च्या सुरुवातीला वॉशिंग्टनहून आलेल्या तारेने हंट्सव्हिलची मंडळी हबकली. मानवी उड्डाणांचे नवे प्रमुख जॉर्ज म्युलर यांनी कळवले होते, की चंद्रावर जाणाऱ्या सॅटर्न-५ चे पहिलेच उड्डाण तिन्ही खऱ्या टप्प्यांसह आणि वर खऱ्या यानासह व्हायचे. सगळे एकदम. म्युलर क्षेपणास्त्रांच्या जगातून आले होते आणि तिथे मिनिटमन याच पद्धतीने तपासले गेले होते. त्यांचा हिशेब असा: पायरीपायरीने गेलो तर दशक संपेपर्यंत चंद्र गाठता येणार नाही आणि तेवढे अग्निबाण परवडणारही नाहीत. खालचा टप्पा चालला आणि वर पाणी भरलेले असले, तर वरच्याविषयी काहीच न शिकता एक अग्निबाण समुद्रात गेला. शिवाय नकली टप्प्यांसह उडालेला अग्निबाण हा शेवटी वेगळाच अग्निबाण असतो. त्याच्या उड्डाणावरून खऱ्याची खात्री देता येत नाही.

फॉन ब्राउन यांच्या जुन्या सहकाऱ्यांना हे वेडेपण वाटले. त्यांनाही आधी तसेच वाटले. पण विचार केल्यावर म्युलर यांचे म्हणणे खोडता येईना आणि त्यांनी होकार दिला. तीन वर्षांपूर्वी एका रिकाम्या उड्डाणासाठी अडून बसलेल्या माणसाने हे करावे याचे आश्चर्य वाटते. मात्र त्यांनी चाचण्या कमी केल्या नाहीत, त्यांची जागा बदलली. आकाशात जे पाहायचे नाही ते सगळे जमिनीवर पाहायचे: प्रत्येक भाग, मग इंजिन, मग अख्खा टप्पा मनोऱ्याला जखडून पेटवायचा. पहिल्या टप्प्याच्या एफ-१ इंजिनात ज्वाला अस्थिर होऊन १९६२ मध्ये एक इंजिन चाचणीत नष्ट झाले, तेव्हा उपाय सापडेपर्यंत सुमारे २००० पूर्ण आकाराच्या चाचण्या घेतल्या गेल्या. चालत्या इंजिनात मुद्दाम लहान बॉम्ब फोडून ज्वाला पुन्हा स्थिर होते का, हे पाहिले जाई.

या बदलाची एक किंमत होती आणि ती कंत्राटदारांच्या कारखान्यांत मोजावी लागणार होती. सॅटर्न-५ मध्ये तीस लाखांच्या आसपास सुटे भाग होते. हजारात एकच भाग सदोष निघाला तरी दोष तीन हजार. शितावरून भाताची परीक्षा इथे चालत नाही, प्रत्येक शीत चाचपावे लागते. पहिला टप्पा बोइंगचा होता आणि त्याचे सुरुवातीचे नग शिरस्त्याप्रमाणे मार्शलने घरीच बनवले होते. तिसरा टप्पा डग्लसचा. त्याच्या आधीच्या नमुन्यावर त्यांचा हात बसलेला होता. खरी डोकेदुखी होती मधला टप्पा, एस-२. तो कॅलिफोर्नियात सील बीचला नॉर्थ अमेरिकन एव्हिएशन ही कंपनी बनवत होती आणि तो मार्शलने स्वतः कधीच बनवलेला नव्हता.

एस-२ चा व्यास १० मीटर आणि उंची २५ मीटरच्या आसपास. आत उणे २५३ अंशांचे द्रव हायड्रोजन आणि उणे १८३ अंशांचे द्रव ऑक्सिजन, मध्ये एकच सामाईक पडदा. यान जसजसे जड होत गेले, तसतसे वजन कमी करायचा बोजा याच टप्प्यावर पडला, कारण बाकीच्या टप्प्यांचे काम बरेच पुढे गेले होते. भिंती पातळ झाल्या, अॅल्युमिनियमचे शेकडो मीटर सांधे निर्दोष जोडायचे होते आणि त्यांत केसासारख्या चिरा सापडत होत्या. सप्टेंबर १९६५ मध्ये बळकटी तपासताना एक नग फाटला. म्हणायला ही चाचणीच होती आणि तो अपेक्षेहून जास्त भार सोसून फाटला. पण उडवायच्या टप्प्यांचे वेळापत्रकही त्याच्यासोबत कोलमडत होते.

त्या वर्षअखेरीस अपोलो कार्यक्रमाचे संचालक, हवाई दलाचे जनरल सॅम्युअल फिलिप्स, तज्ज्ञांचा ताफा घेऊन कंपनीत उतरले. फॉन ब्राउन यांचे उजवे हात एबरहार्ड रीस यांनीही एस-२ चे काम तपासले. डिसेंबर १९६५ मध्ये फिलिप्स यांनी कंपनीच्या अध्यक्षांना पाठवलेला अहवाल कडक होता: काम उशिरा, खर्च हाताबाहेर, कारागिरी कमअस्सल, आणि सुधारणा होईल असा भरवसा वाटत नाही. कंपनीने एस-२ वर माणसे बदलली, बैठकी वाढवल्या.

तरी २८ मे १९६६ उजाडायचा होता. मिसिसिपीतल्या चाचणीस्थळावर एस-२ चा एक नग मनोऱ्यावर होता. हायड्रोजन काढून टाकलेला होता आणि गळती शोधण्याचे काम चालू होते. टाकीतला दाब मोजणारी साधने आधीच्या कामासाठी सोडवून ठेवली होती आणि पुढच्या पाळीला हे कोणी सांगितले नव्हते. त्यांनी हेलियम भरायला सुरुवात केली. काटा हलेना, तेव्हा झडप गळत असावी असे समजून ते भरत राहिले. टाकी फुटली. पाच जणांना किरकोळ इजा झाल्या. धातूत दोष नव्हता, सांध्यात दोष नव्हता. दोन पाळ्यांमध्ये एक वाक्य बोलायचे राहून गेले होते.

आठ महिन्यांनी, २७ जानेवारी १९६७ रोजी, केप कॅनाव्हरलला अपोलो-१ च्या कुपीत आग लागून गस ग्रिसम, एड व्हाइट आणि रॉजर चॅफी हे तीन अंतराळवीर जमिनीवरच मेले. ती उड्डाणाची तालीम होती. अग्निबाणात इंधन नव्हते, म्हणून चाचणीची नोंद धोकादायक अशी केलेली नव्हती. कुपीत मात्र शुद्ध ऑक्सिजन बाहेरच्या हवेपेक्षा जास्त दाबाने भरलेला होता आणि दार आत उघडणारे होते. कुपी ह्यूस्टन केंद्राच्या अखत्यारीतली, फॉन ब्राउन यांच्या नव्हे. पण बनवणारी कंपनी तीच. अमेरिकन काँग्रेसमध्ये सिनेटर वॉल्टर माँडेल यांनी फिलिप्स यांच्या अहवालाचा विषय काढला, तेव्हा नासाचे प्रमुख जेम्स वेब यांना तशा अहवालाची माहितीच नसल्याचे दिसले. दोष वर्षभर आधी लिहून झाला होता आणि ज्याने तो वाचायचा त्याच्यापर्यंत पोचलाच नव्हता. कारखान्यावर लक्ष ठेवायला फॉन ब्राउन यांनी आपले रीस कॅलिफोर्नियाला पाठवले.

पहिला सॅटर्न-५ उभा राहिल्यावरही, एस-२ च्या दुसऱ्या एका नगात चिरा सापडल्या म्हणून, रचलेला अग्निबाण उतरवून याचा मधला टप्पा पुन्हा तपासला गेला. ९ नोव्हेंबर १९६७ रोजी ११० मीटर उंचीचा तो डोलारा उडाला. तिन्ही टप्पे पहिल्याच खेपेस चालले. म्युलर खरे ठरले.

आणि ४ एप्रिल १९६८ ला दुसऱ्या उड्डाणाने सर्वांना जमिनीवर आणले. पहिला टप्पा उड्या मारायच्या पोगो काठीसारखा लांबीच्या दिशेने थरथरू लागला. दुसऱ्या टप्प्यात एक इंजिन बंद पडले, त्यापाठोपाठ दुसरे. तिसऱ्या टप्प्याचे इंजिन पुन्हा पेटायचे होते, ते पेटलेच नाही. माणसे आत नव्हती. शोधाअंती कळले, की इंजिनातल्या ठिणगीकक्षाला इंधन देणारी नळी तुटली होती. जमिनीवरच्या चाचण्यांत ती कधीच तुटली नव्हती, कारण जमिनीवर हवेतली वाफ आणि हवाच त्या थंडगार नळीच्या लवचीक भागावर गोठून तिला घट्ट धरून ठेवत असे. वर पोकळीत गोठायला काही नाही. नळी मोकळेपणी थरथरली आणि तुटली. निर्वात खोलीत चाचणी घेतली तेव्हा एकही नळी टिकली नाही. दुसरे इंजिन तर निरोगी होते. बिघडलेल्या इंजिनाची झडप बंद करण्याचा हुकूम उलटसुलट जोडलेल्या तारांमुळे शेजारच्या चालत्या इंजिनाला मिळाला. म्हणजे जमिनीवरची शेकडो तास पेटवलेली इंजिने एका गोष्टीविषयी खोटे सांगत होती, आणि एक तार कोणाच्याच नजरेतून गेली नव्हती.

रेडस्टोनच्या काळातले फॉन ब्राउन आता काय मागणार, हे सांगायला ज्योतिषी नको होता: आणखी एक मानवरहित उड्डाण. त्यांच्या केंद्रात तसे वाटणारे होतेच. पण नळी नव्याने आखली होती, निर्वात खोलीत तपासली होती. पोगोवर उपाय म्हणून झडपांत हेलियम भरून धक्का शोषायची सोय केली होती आणि तीही मनोऱ्यावर पाहून झाली होती. ऑगस्ट १९६८ मध्ये हंट्सव्हिलला झालेल्या बैठकीत पुढच्याच सॅटर्नवर माणसे बसवून थेट चंद्राभोवती पाठवायचा प्रस्ताव आला. फॉन ब्राउन यांचे मत पडले, की या अग्निबाणावर माणूस बसवायचे एकदा ठरले, की तो पृथ्वीजवळ फिरला काय आणि चंद्राकडे गेला काय, अग्निबाणाला त्याचे काही नाही. २१ डिसेंबरला अपोलो-८ निघाले. सात महिन्यांनी माणूस चंद्रावर उतरला.

मार्च १९७० मध्ये फॉन ब्राउन वॉशिंग्टनला गेले. हंट्सव्हिल त्यांच्या हातून सुटले. पुढच्या महिन्यात अपोलो-१३ ची ऑक्सिजनची टाकी वाटेत फुटली. तिच्यातले छोटे विजेचे खटके २८ व्होल्टचे होते आणि चाचणीस्थळावर त्यांना ६५ व्होल्ट दिले गेले होते. अपेक्षित व्होल्टेज बदलल्याचे कंत्राटदाराला कळवले होते, खटके मात्र जुनेच राहिले, आणि तपासणाऱ्यांपैकी कोणाच्याही ते लक्षात आले नाही. त्याच उड्डाणात एस-२ चे मधले इंजिनही पोगोमुळे वेळेआधी बंद पडले होते. पुढच्या अग्निबाणात त्यावर उपाय बसवला गेला. तो अग्निबाण ३१ जानेवारी १९७१ ला, हॅमच्या उड्डाणाला बरोबर दहा वर्षे झाली त्या दिवशी, उडाला. त्यावर बसून चंद्रावर जाणाऱ्या चमूचा प्रमुख होता सत्तेचाळीस वर्षांचा ॲलन शेपर्ड.

१९७२ मध्ये फॉन ब्राउन नासा सोडून फेअरचाइल्ड कंपनीत गेले, म्हणजे टेबलाच्या पलीकडच्या, कंत्राटदाराच्या बाजूला. कंपनीने बनवलेल्या एटीएस-६ या उपग्रहावरून ऑगस्ट १९७५ पासून वर्षभर भारतातल्या २४०० खेड्यांत शिक्षण, शेती आणि आरोग्याचे दूरचित्रवाणी कार्यक्रम दाखवले गेले. इस्रोचा ‘साइट’ प्रयोग तो हाच. प्रयोग संपला तोवर फॉन ब्राउन कर्करोगाने खंगले होते. १६ जून १९७७ रोजी, वयाच्या पासष्टाव्या वर्षी, व्हर्जिनियातल्या अलेक्झांड्रिया गावी ते वारले.